मराठी मजकुरासाठी मोडवाला एडिटर नकोच

म्हापशाचा डीटीपीवाला:
आमच्याकडचा नवा पोरगा जत्रेच्या स्मरणिकेचा मजकूरसुद्धा व्हिम या एडिटरमध्ये साफ करतो आणि मलाही गळ घालतो. त्यात दोन मोड: इन्सर्टमध्ये कळा अक्षरं उमटवतात, नॉर्मलमध्ये त्याच कळा हुकूम होतात; एस्केपने नॉर्मलमध्ये जायचं, ‘आय’ने परत इन्सर्टमध्ये. कोडसाठी ठीक, मराठीसाठी मोड नकोत असं माझं मत. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू असताना एस्केप मारून खाली जायला ‘जे’ दाबला, तर एडिटरला मिळतो ‘र’. डीडी दाबून ओळ उडवायला जावं तर पोचतात दोन हलंत, ओळ जागची हलत नाही. म्हणजे दर दुरुस्तीला कीबोर्ड इंग्रजी करा, एस्केप मारा, काम झालं की ‘आय’, मग परत मराठी. कट-कॉपी-पेस्ट रुजवणाऱ्या लॅरी टेस्लरने गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नोमोड्स’ उगाच मिरवलं नव्हतं.

फोंडेकर:
दादा, कीबोर्ड मराठीवर की इंग्रजीवर हाही मोडच ना? ‘सभा’ लिहायला गेलात आणि स्क्रीनवर ‘एमवायई’ उमटलं, असं तुमचं दिवसातून कितीदा होतं? व्हिममध्ये निदान खाली ‘इन्सर्ट’ लिहिलेलं दिसतं. यावर उपाय आहे. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच राहू द्या आणि इनस्क्रिप्टची मांडणी व्हिमच्या कीमॅपमध्ये (कुठल्या कळेला कुठलं अक्षर, ती यादी) टाका. ती इन्सर्टपुरतीच लागते, एस्केप मारला की ‘जे’ हा ‘जे’च. मध्येच इंग्रजी शब्द आला तर कंट्रोल-सहा दाबून मांडणी बंद-चालू करा.
आणि देणगीदारांच्या यादीत ‘रू.’ चा ‘रु.’ करायचा असेल तर? एकदा शोधून बदला, मग ‘एन’ने पुढचा, टिंबाने तीच दुरुस्ती.

म्हापशाचा डीटीपीवाला:
विचारून-विचारून बदलायचं काम फाइंड-रिप्लेसही करतं हो. त्यासाठी कीमॅपची फाइल कोण लिहीत बसणार?

मडगावचा सर्व्हरवाला:
मोड आले कुठून तेही बघा. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्ही-आय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहायला घेतला. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड) बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या, बाण एच-जे-के-एलवर छापलेले. एस्केप होता आजच्या टॅबच्या जागी, करंगळीला लागूनच. आजच्या लॅपटॉपवर तो कोपऱ्यात गेलाय, म्हणून लोक कॅप्स लॉकलाच एस्केप करतात. केलेलं बरंच, कारण कॅप्स चालू राहिला तर ‘जे’ खाली न्यायचं सोडून ओळी एकमेकींना जोडत सुटतो. मी रोज व्ही-आय वापरतो, कारण एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करायची सोय) कुठल्याही सर्व्हरवर जा, तो बहुतेक असतोच. पण स्मरणिकेला? मी नसता वापरला.

फोंडेकर:
सर्व्हरवर चालतो आणि स्मरणिकेला चालत नाही, हे काही पटलं नाही. हात बसला की बसला.

म्हापशाचा डीटीपीवाला:
तुमचा बसला असेल. माझ्याकडे देवस्थान कमिटीचे भाऊ शेजारी खुर्ची ओढून बसतात. ‘हे नाव वर घ्या, ते खाली’ करता करता एक दिवस कीबोर्डच स्वतःकडे घेतात. समोर नॉर्मल मोड असेल तर पानाचं काय होईल सांगा.

फोंडेकर:
‘यू’ दाबत मागे यायचं. पण कमिटीच्या हातात कीबोर्ड द्यायचाच कशाला?

म्हापशाचा डीटीपीवाला:
बिल तेच देतात, म्हणून.