घरच्यांच्या आजारपणात निर्णय घ्यायचाय, पण नेटवरचे कुठले आकडे खरे मानायचे?

मुक्ता_लिहिते:
मंडळी जरा मदत हवीये. आईचं वय ७१, बीपी आहे, आता ईसीजीत ठोके अनियमित निघाले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू करायला सांगितलीये, बहुतेक कायमची. तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा म्हणतो गोळीने स्ट्रोकचा धोका दोन तृतीयांश कमी होतो, मग विचार कसला करायचा. ताईने कुठलासा व्हिडिओ बघितला, त्यात याच गोळीने मेंदूत रक्तस्राव होतो असं होतं, ती आईला गोळीला हातच लावू देत नाहीये. आई बिचारी दोघांच्या तोंडाकडे बघत बसते. मी रात्री शोधायला बसले तर प्रत्येक पानावर वेगळाच आकडा आणि प्रत्येकजण म्हणतो संशोधनाने सिद्ध झालंय. डॉक्टरांवर अविश्वास नाहीये हो, पण ओपीडीत बाहेर रांग असते, धड विचारता येत नाही. तुम्ही लोक आकडे कुठे बघता आणि विश्वास कशावर ठेवता?

रातराणी:
माझं स्पष्ट मत, नेट बंद करा आणि डॉक्टर सांगतील ते करा. आकडे वाचून माणूस नुसता घाबरतो.

जुना_वाचक:
रातराणी, घाबरतो तो अर्धवट आकड्याने, पूर्ण आकडा हातात आला की बहुतेक वेळा धीरच येतो असा माझा अनुभव आहे.

मुक्ता, तुझा दादा आणि ताई दोघंही खोटं बोलत नाहीयेत. दादाचा आकडा खरा आहे फक्त अर्धा आहे. "दोन तृतीयांश कमी" म्हणजे कशातून कमी? मुळात धोका किती होता ते कळल्याशिवाय त्या टक्केवारीला काही अर्थ नाही. १९९४ साली पाच चाचण्यांची (म्हणजे काही पेशंटना औषध देऊन आणि काहींना न देऊन केलेल्या अभ्यासांची) माहिती एकत्र करून काढलेले आकडे आहेत, वॉरफरिन या जुन्या गोळीचे. गोळी न घेणाऱ्यांमध्ये वर्षाला साधारण ४.५ टक्के लोकांना स्ट्रोक आला, घेणाऱ्यांमध्ये १.४ टक्के. आता हे माणसांमध्ये मांड. अशा १००० जणांना वर्षभर गोळी दिली नाही तर ४५ जणांना स्ट्रोक, दिली तर १४ जणांना, म्हणजे ३१ जण वाचले. आणि ताईची भीती? मोठा रक्तस्राव गोळी न घेणाऱ्यांतही १००० मागे १० जणांना झालाच होता, घेणाऱ्यांत १३ जणांना. व्हिडिओत जो पेशंट दाखवला असेल तो खरा असेलही, पण गोळी न घेताही रक्तस्राव झालेले ते दहा जण कोणी दाखवत नाही.

हे दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घरात सगळ्यांसमोर ठेव, वाद निम्मा तिथेच मिटेल.

मात्र चाचणीत घेतलेले लोक निवडून घेतलेले असतात, त्यांची रक्ततपासणी वेळच्या वेळी होते, त्यामुळे बाहेरच्या जगात रक्तस्रावाचा आकडा यापेक्षा जास्त असू शकतो. आणि आता ज्या नव्या गोळ्या आहेत त्यांचं गणित वेगळं आहे. वॉरफरिनशी तुलना केली तर त्यांच्यात मेंदूतला रक्तस्राव जवळपास निम्म्याने कमी दिसला, पोटातला मात्र थोडा जास्त. म्हणून डॉक्टरांनी नेमकी कुठली गोळी लिहिलीये ते आधी बघ, नाहीतर एका गोळीचे आकडे दुसरीला लावून भांडत बसाल.

आकडेमोड_ताई:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. टक्केवारी एकटी आली की काय होतं ते सांगते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला की ठरावीक गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हटल्यावर घबराट उडाली, बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. दुप्पट म्हणजे किती होतं? ७००० बायकांमागे एकीच्या जागी दोघी. आणि गरोदरपणात गाठीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. मला तर हे आजही वाचलं की वाईट वाटतं, कारण पूर्ण आकडा एका ओळीत सांगता आला असता.

आता कुठे बघायचं. उपचार करावा की नको असा प्रश्न असेल तर मी आधी कॉक्रेनवर जाते. १९९३ पासून हे लोक एकेका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून तपासतात, औषध कंपन्यांचे पैसे घेत नाहीत, आणि प्रत्येक अहवालाला साध्या भाषेतला सारांश असतो. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे पुरावा किती पक्का आहे हे ते स्वतःच लिहितात, पक्का, मध्यम, कच्चा असं. ज्या पानावर शंकेला जागाच ठेवलेली नाही ते पान मी सोडून देते. कॅन्सर किती लोकांना होतो वगैरे हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचं ग्लोबोकॅन आहे, पण ते अख्ख्या लोकसंख्येचे आकडे असतात, तुमच्या घरच्या माणसाचं काय होणार ते त्यातून कळत नाही.

आणि काकूंच्या बाबतीत स्ट्रोकचा धोका किती ते सांगणारा स्कोअर विचारा, चाड्स-व्हास्क म्हणतात. ६५ ते ७४ वयाला एक गुण, बीपीला एक, शुगर, आधी झालेला स्ट्रोक, हार्ट फेल्युअर यांचे वेगळे. पूर्वी बाई असण्याचाही एक गुण धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये तो काढलाय, त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे स्कोअर दिसले तर दचकू नका.

सागर_किनारा:
थोडं विषयांतर होतंय पण विचारतो. बाबांच्या कॅन्सरबद्दल वाचताना "मीडियन सर्व्हायव्हल ११ महिने" असं दिसलं. तेव्हापासून मी डोक्यात महिनेच मोजतोय. घरी कोणाला बोललो नाही.

जुना_वाचक:
सागर, आधी श्वास घे. मीडियन म्हणजे मधला माणूस. निम्मे लोक त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्यानंतरही होते, आणि त्या निम्म्यातले काही खूप खूप नंतरपर्यंत. तो आकडा म्हणजे तुझ्या बाबांची तारीख नव्हे. स्टीफन जे गूल्ड नावाचे शास्त्रज्ञ होते, १९८२ मध्ये त्यांना पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्याचा मीडियन ८ महिने होता. ते पुढे वीस वर्षं जगले, २००२ मध्ये गेले, तेही दुसऱ्या कॅन्सरने. सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणत नाही, खोटी आशा मला द्यायची नाही. पण तू वाचलेला आकडा कुठल्या वर्षीच्या पेशंटांचा आहे, कुठल्या स्टेजचा आहे, आता बाबांना मिळतायत ती औषधं तेव्हा होती का, हे बघितलंस का? जगण्याचे आकडे काढायला वर्षं जातात म्हणून ते कायम जुन्या उपचारांचे असतात. ऑन्कॉलॉजिस्टना सरळ विचार, बाबांसारख्यांमध्ये चांगलं गेलं तर किती, वाईट गेलं तर किती आणि बहुतेकांचं किती. तीन उत्तरं माग, एक नको. आणि घरी कोणाशी तरी बोल रे, हे एकट्याने वाहायचं नसतं.

सागर_किनारा:
हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. पुढच्या भेटीला विचारतो. थँक्यू.

मुक्ता_लिहिते:
सगळ्यांचे मनापासून आभार. कागद करून दादा ताईसमोर ठेवला, ताई त्या दहा आणि तेरावर बराच वेळ थांबली, मग म्हणाली की आईचा रक्तस्रावाचा धोका जास्त आहे का ते तरी विचारूया. गोळी नव्यातली आहे. डॉक्टरांकडे जाताना अजून काय न्यावं?

आकडेमोड_ताई:
ताईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तोच पहिला विचारा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या, नव्या गोळ्यांचा डोस किडनी बघून ठरवावा लागतो. बीपीची घरची नोंद न्या, कारण वाढलेलं बीपी स्ट्रोकचाही धोका वाढवतं आणि रक्तस्रावाचाही, आणि ते तर आटोक्यात आणता येतं. काकू गुडघेदुखीसाठी वगैरे स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही घेत असतील तर ते न विसरता सांगा, या गोळ्यांसोबत त्याने रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी मधेच बंद करू नका, एखादा डोस चुकला तर काय करायचं तेही तिथेच लिहून घ्या.