बागेतला स्पीकर आणि संध्याकाळचा मारवा

बी-२०४ ताई, संध्या. ७.१२
सेक्रेटरी साहेब बागेतला स्पीकर बंद करा प्लीज, आत्ताच्या आत्ता. बाबा परत कालच्यासारखं करायलेत. पलंगाचा कठडा धरून बसलेत, झोपंनात पण आणि उठवलं तर उठंनात पण. मी मागच्या आठवड्यात सांगितलं होतं तर तुम्ही नुसतं 'बघतो' म्हणालात.

सेक्रेटरी, ७.१५
वॉचमनला सांगितलंय ताई. पण हे शास्त्रीय संगीत आहे, डीजे नाही. मीटिंगमधे सगळ्यांनी हात वर केले होते, सिनियर सिटिझनना शांत वाटावं म्हणून पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सातला अर्धा अर्धा तास. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच त्रास म्हटल्यावर कमिटीनं करायचं तरी काय?

डी-४०१ दादा, ७.१६
तेव्हाच म्हणलं होतं त्या पैशात मोटर दुरुस्त करा. स्पीकर आला, वरच्या टाकीत पाणी नाही आलं 😀

सी-१०२ काका, ७.१७
मुद्दा आवाजाचा आहे, संगीताचा नाही. ध्वनिप्रदूषण नियम २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मी मीटिंगमधे सांगितलं होतं.

ए-३०३ मावशी, ७.२०
क्लासिकलनं कुणाला त्रास होतो गं बाई? मला तर दहा मिनिटांत डुलकी लागती. सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सवाला गेलो होतो तेव्हा आमचे हे खुर्चीतच घोरायले होते, पुढच्या रांगेतले वळून वळून बघायले.

बी-२०४ ताई, ७.२२
मावशी तुम्हाला डुलकी लागती हे बरंच आहे. माझ्या वडिलांना पॅरालिसिस झालाय, वाचा गेलीय, काय होतंय ते सांगता पण येत नाही त्यांना. 'शांत संगीत आहे ना मग कामून त्रास होईल' हे मी आता चौथ्यांदा ऐकायलेय.

ए-३०३ मावशी, ७.२३
मी तसं म्हणाले नाही. चुकलं असंल तर सोडून दे बाई.

सी-३०१, ७.२५
आमच्याकडं तर बाळासाठी मोझार्ट लावतो. बुद्धी वाढती म्हणतात.

ए-१०१ डॉक्टर मॅडम, ७.३१
ते बाळांवर नव्हतंच हो. १९९३ ला 'नेचर'मधे छोटा पेपर आला होता, कॉलेजच्या ३६ मुलामुलींवर. आकृत्यांची कोडी सोडवायला थोडा फायदा झाला आणि तोही दहा-पंधरा मिनिटंच टिकला. बाळाला लावा, आवडलं तर छानच आहे, पण बुद्धीसाठी नको. आणि ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय. २००६ ला 'हार्ट' या मासिकात २४ जणांवरचा अभ्यास आला होता, त्यात सतारीवरचा राग पण होता. गाण्याची लय वाढली की श्वास, ठोके, बीपी वाढायचं. आणि सगळ्यात जास्त आराम कधी मिळाला, तर मधे दोन मिनिटं गाणं थांबवलं तेव्हा. संगीत म्हटलं की शरीर सैल पडतं असं काही नाही, ते आधी जागं होतं.

डी-४०१ दादा, ७.३३
म्हणजे स्पीकर बंद ठेवला की सगळ्यात जास्त आराम. ठराव मांडा साहेब 😂

सेक्रेटरी, ७.३४
दादा तुम्ही मीटिंगला येत जा, मग ठराव मांडा. मागचे दोन महिने मेंटेनन्सही राहिलाय तुमचा, ग्रुपवर बोलायचं नव्हतं.

डी-४०१ दादा, ७.३५
नव्हतं बोलायचं तर बोललात कामून?

सी-१०२ काका, ७.३६
मुद्दा आवाजाचा आहे, संगीताचा नाही. दिवसा ५५, रात्री ४५.

ए-३०२ सर, ७.५२
माफ करा, टाइप करायला वेळ लागतो मला. ताई, सात वाजता काय लागलं होतं ते मी गच्चीतून ऐकायलो होतो. मारवा राग होता. ज्यानं मोबाइलवरची 'रिलॅक्सिंग' यादी लावली त्याचा दोष नाही, त्या यादीत मारव्यानंतर संतूर आणि संतूरनंतर सतारीवरचा 'झाला', म्हणजे शेवटचं जलद वादन, असं सगळं एकात एक घातलेलं आहे. पण मारव्यात पंचम म्हणजे 'प' नाही, रिषभ म्हणजे 'रे' कोमल, आणि गाणारा षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, लवकर टेकतच नाही, रिषभ आणि धैवत (ध) यांच्यामधे फिरत राहतो. दिवस मावळताना घरातलं कुणीतरी यायचं राहिलंय आणि आपण दारात उभे आहोत तसं होतं. गायक आमीर खाँसाहेबांचा मारवा मी चाळीस वर्षं ऐकतोय, अजून तो लावून मला जेवता येत नाही. तुमचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. सूर कळणारा माणूस तो, त्याला आतून षड्ज पाहिजे असतो आणि गाणारा देत नाही, म्हणून ते कठडा धरून बसलेत. मला तरी तसंच वाटतं.

ए-३०२ सर, ७.५८
अजून एक सांगतो, राग मानू नका कुणी. आपण शास्त्रीय संगीत झोपेच्या गोळीसारखं वापरायलोत. आपले गायक नाथराव नेरळकर २०२१ ला गेले, त्यांना समोर बसून ऐकलेले लोक या ग्रुपवर आहेत. त्यांच्यासमोर कुणाला झोप लागायची का? दरबारी रागातला गंधार (ग) नीट आंदोलला, म्हणजे सावकाश झुलवला, तर पाठ आपोआप ताठ होते. विलंबित, म्हणजे संथ एकतालात समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघताना श्वास धरला जातो आणि सम आली की सुटतो, हातातून नकळत दाद जाते. शांतता असते ती त्या सुटण्यात. आधीचं धरणं काढून टाकलं तर खाली नुसता गुळगुळीत आवाज उरतो, लिफ्टमधे वाजतो तसा.

ए-३०३ मावशी, ८.०१
सर खरंय तुमचं. माझी आजी रात्री मालकंस राग लावू द्यायची नाही, भुतं येतात म्हणायची. काहीतरी असणारच.

सी-३०१, ८.०३
पण सर प्रत्येकाला थोडंच कळतंय हे? मला राग ओळखता येत नाही, मला खरंच शांत वाटतं. मग माझं चूक का?

ए-३०२ सर, ८.०९
अजिबात चूक नाही बेटा. सावकाश आलापीनं श्वास सावकाश होतो, तेही खरंच. माझं एवढंच म्हणणं आहे की तुम्हाला शांत वाटलं म्हणून सगळ्या बिल्डिंगला तसंच वाटंल हे धरून चालू नका. आणि ज्याला दार लावून घेता येत नाही त्याच्या कानावर तर अजिबात घालू नका.

सी-१०२ काका, ८.१०
मुद्दा आवाजाचा आहे. नियमात रात्र म्हणजे १० ते ६. साडेपाचला स्पीकर लावला तर ती रात्रच आहे. हे कुणी वाचतं का?

सेक्रेटरी, ८.१६
काका वाचलं. पहाटेचं बंद. संध्याकाळचं पण पुढच्या मीटिंगपर्यंत बंद. ताई, मागच्या आठवड्यातच करायला पाहिजे होतं, माझ्याकडून राहिलं.

ए-३०२ सर, ८.२०
ताई, चालत असेल तर उद्या सकाळी तंबोरा घेऊन येतो. गाणार नाही, नुसता छेडतो. वडिलांनी मान फिरवली की उठून जाईन.

बी-२०४ ताई, ८.२१
या सर.

*दुसरा दिवस*

बी-२०४ ताई, सकाळी ९.४०
सर आत्ता गेले. त्यांनी विचारलं पेटीवर कुठला सूर धरायचे, आई म्हणाली काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी. मग तारेखालचा जवारीचा दोरा सरकवत सरकवत पंधरा मिनिटं नुसते तंबोरा लावतच होते, बाबा डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. तार लागली आणि बाबांचा डावा हात हलायला लागला, उजवा तर उचलतच नाही त्यांना. आधी मला कळलंच नाही, आईला कळलं. चादरीवर पुढं मागं, पुढं मागं. पेटीचा भाता ओढायले होते. कठडा नाही धरला आज.

ए-३०३ मावशी, ९.४२
🙏🙏 आईला सांग मी दुपारी येतेय.

सी-१०२ काका, ९.४४
आवाज किती होता?

बी-२०४ ताई, ९.४५
स्वयंपाकघरात ऐकू आला नाही काका.

डी-४०१ दादा, ९.५१
टँकर दहाला येतोय. बी विंगखालची पांढरी गाडी कुणाची आहे ती काढा. ड्रायव्हरला हॉर्न वाजवू नको म्हणून सांगितलंय, गेटवर मीच उभा आहे.