अनुभव धागा: काल्पनिक वाटावेत असे खरे राजकीय घोटाळे

एखादा खरा राजकीय घोटाळा वाचताना 'मालिकेत दाखवलं असतं तर पटलं नसतं' असं तुम्हाला कधी वाटलं? मला अमेरिकेतलं वॉटरगेट प्रकरण वाचताना वाटलं. १७ जून १९७२च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत सुरक्षारक्षक फ्रँक विल्सला दाराला लावलेली चिकटपट्टी दिसली. त्याने ती काढली. नंतर पाहतो तर पुन्हा लावलेली! पोलीस आले, विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण सापडले आणि हे प्रकरण दडपायच्या प्रयत्नापायी १९७४च्या ऑगस्टमध्ये निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. तुमचा प्रसंग लिहा, सविस्तर लिहा.

--

नगरवाला प्रकरण! बाबा बँकेत कॅशिअर होते, त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. २४ मे १९७१, दिल्लीतली स्टेट बँकेची संसद मार्ग शाखा. मुख्य रोखपालांना फोन येतो, पलीकडून इंदिरा गांधींचा वाटावा असा आवाज. बांगलादेशच्या गुप्त कामासाठी ६० लाख द्या, सांकेतिक शब्द सांगणाऱ्या माणसाच्या हाती द्या. ते देतात. पावती मागायला गेल्यावर कळतं, असा फोन झालाच नाही. पैसे घेऊन गेलेला नगरवाला त्याच दिवशी पकडला गेला, बहुतेक रक्कमही मिळाली. इथवर ऐकताना गंमत वाटायची. मोठेपणी पुढचं वाचलं आणि झोप उडाली. तपास अधिकारी कश्यप त्याच वर्षी रस्ता अपघातात गेले, १९७२च्या मार्चमध्ये कैदेत असलेला नगरवालाही गेला. १९७७मध्ये चौकशी आयोग नेमला, तरी कोडं सुटलं नाही. बाबा मात्र एकाच प्रश्नावर अडायचे: नुसत्या फोनवर एवढी रोकड बाहेर पडतेच कशी? मलाही तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

--

ब्रिटिश खासदार जॉन स्टोनहाउस. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून गायब, सगळ्यांना वाटलं बुडाले. डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सापडले, तेही पोलिसांना ते फरारी लॉर्ड लुकन असावेत असा संशय आला म्हणून! दुसऱ्याच माणसाच्या शोधात हे हाती लागले. हे वाचून मी घरात सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं.

--

पेरू देशातली लाचेची चित्रफीत मी पाहिली आहे. गुप्तहेरप्रमुख मोन्तेसिनोस विरोधी पक्षाच्या खासदाराला नोटा देतो, खासदार त्या खिशात घालतो. कसली घाई नाही, कसली भीती नाही. त्या सहजपणाचा मला अजून संताप येतो. आणि चित्रण त्यांच्याच यंत्रणेने करून ठेवलेलं! सप्टेंबर २०००मध्ये ते टीव्हीवर आलं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी जपानहून फॅक्सने राजीनामा पाठवला. संसदेने तो स्वीकारला नाही, त्यांना पदासाठी नैतिकदृष्ट्या अपात्र ठरवून काढूनच टाकलं.