'कबीरा'च्या शेराविषयी

आपल्या पहिल्या गझलेला मिळालेले 'सुंदर', 'छान' हे अभिप्राय मनापासूनचे आहेत. तरीही नेमके कोठे चुकले, असे आपण विचारले आहे, म्हणून लिहितो. भुजंगप्रयात हे वृत्त, म्हणजे 'लगागा' (एक लघू व दोन गुरू अक्षरे) चार वेळा, आपण अखेरपर्यंत सांभाळले आहे आणि नवोदिताच्या लेखनात हे सहसा आढळत नाही. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात (दोन ओळींत), 'किनारा' व 'पसारा' योजल्यावर 'रा'च्या आधीचा 'आ' ही अलामत, म्हणजे प्रत्येक यमकात कायम राहणारा स्वर, ठरली. चौथ्या शेरातील 'कबीरा' वृत्तात बसतो, परंतु तेथे 'ई' आल्यामुळे अलामत भंगते. गाव सोडून आलेल्या आईचा तो शेर मला सर्वांत अधिक भावला, त्यामुळे तो गाळू नये, तर 'निवारा' हा काफिया (यमकाचा शब्द) घेऊन पुन्हा बांधावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.