विषय: जर्मनीतली किंमत अमेरिकेशी कशी ताडायची?

नमस्कार मंडळी,
भाऊ जर्मनीत आहे, मी अमेरिकेत. एकाच लॅपटॉपची किंमत आम्ही दोघं बघतोय आणि त्याच्याकडची बरीच जास्त दिसते. तिथल्या किमतीत १९ टक्के कर धरलेला असतो म्हणून मी तेवढे टक्के वजा केले, तर मूळ किंमत त्याच्या बिलावरच्या आकड्याशी जुळेना. कुठे चुकतंय?

---

ताई,
वजा करू नका, १.१९ ने भागा. कर मूळ किमतीवर लागतो, छापलेल्या किमतीवर नाही. ११९ युरोत कराचे १९, म्हणजे छापील किमतीच्या जेमतेम १६ टक्के. तुमच्याकडून तीन टक्के जास्त वजा झाले. ही चूक फार जणांची होते.

अमेरिकेतला आकडा मात्र कराविना असतो, कारण कर ठिकाणागणिक बदलतो. ओरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही. अलास्कात राज्याचा नाही, पण काही गावं स्वतःचा लावतात. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के, त्यावर स्थानिक भर. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, आणि तिथेच ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला काहीच नाही! देशभर एकच जाहिरात द्यायची तर कर बाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

---

मंडळी, मध्येच बोलतो.
जाहिरातीचं पटलं, दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीचं नाही पटत. दुकान काही जागचं हलत नाही. तिथला दर दुकानदाराला माहीत असतो, बिल करणाऱ्या यंत्रालाही असतो. फक्त गिऱ्हाइकाला तो शेवटी कळतो. मोजके पैसे घेऊन आलेल्या माणसाला गल्ल्यापाशी एखादी वस्तू परत ठेवावी लागते, हे मला बघवत नाही.

भारतात पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. जपानमध्ये १ एप्रिल २०२१ पासून करासहित किंमत दाखवणं सक्तीचं आहे. शेजारी कराविना आकडाही छापता येतो. तिथे तर घरी न्यायच्या खाद्यपदार्थांना ८ टक्के आणि बाकी बहुतेक वस्तूंना १० टक्के, असे दोन दर आहेत. तरी जमतंच ना? इथेही दोन्ही आकडे छापावेत, एवढंच माझं मागणं.

---

दोघांचेही आभार. भागून पाहिलं, आकडा पैशापर्यंत जुळला! दोन्हीकडच्या मूळ किमतीत आता फरक आहे तो थोडाच. भाऊ पुढच्या महिन्यात इकडे येतोय. त्याने इथूनच नेला तर?

---

ताई,
आधी तुमच्या गावचा विक्रीकर मिळवून बघा. शिवाय युरोपीय संघाबाहेरून विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या मालावरच सूट असते. एकच वस्तू त्याहून महाग असली तर नुसत्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर आकारणी होते. लॅपटॉप बहुधा त्यात येईलच. बिल जपून ठेवायला सांगा आणि उतरल्यावर त्याने स्वतःहून कस्टम्सला दाखवावं.