'इलुसियोन'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी : स्पेनमधील एका तरुण शिक्षिकेची मुलाखत मराठीत आणताना मी एका वाक्यावर अडले आहे. लवकरच खेड्यातल्या शाळेत रुजू होणार असल्याबद्दल ती म्हणते, 'मे आथे मुचा इलुसियोन'. 'मला फार आशा आहे' असे लिहिले तर नोकरी अजून मिळायचीच आहे असे वाटते आणि 'फार आनंद होतो' असे लिहिले तर पुढची स्वप्ने गळून पडतात. शब्दकोशात 'इलुसियोन'चा पहिला अर्थ 'भ्रम' आहे. तो घातला तर बाई रुजू होण्याआधीच राजीनामा देतील.

निवृत्त मास्तर : 'मोठ्या उमेदीने जात आहे' असे लिहावे. नोकरीच्या आशेशी हा शब्द आपल्याकडे इतका जोडलेला आहे की अर्ज करणारा तो 'उमेदवार' झाला. माझ्या वडिलांनी एका वकिलाकडे दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी केली होती. त्या काळात उमेद हाच पगार असे. स्पॅनिशमधला 'आस्पिरान्ते' म्हणजे उमेदवार, हाही आकांक्षा धरणाराच.

शुद्धमती : 'उमेद' फारसी आहे. 'आशा' असताना उसनवारी कशाला? शिवाय संस्कृतात 'आशा' म्हणजे दिशासुद्धा, म्हणजे आयुष्याची वाट आणि इच्छा एकाच शब्दात आल्या.

निवृत्त मास्तर : ते दोन निराळे शब्द आहेत, वेदांत त्यांचे स्वरही वेगळे आहेत. व्युत्पत्ती गोड लागली म्हणून खरी ठरत नाही.

माद्रिदकर : 'आथे इलुसियोन' हा प्रयोग मुख्यतः स्पेनमधला आहे, हे अनुवादिनीताईंनी ध्यानात ठेवावे. मला मात्र खरा त्रास 'एस्पेरार'ने दिला, कारण आशा धरणे आणि वाट पाहणे या दोन्हींसाठी तेच क्रियापद आहे. पहिल्या मुलाखतीनंतर मी 'एस्पेरो के मे यामान', म्हणजे 'मला बोलावतील अशी आशा आहे', असे म्हणालो, तेव्हा समोरच्या बाईंनी हसून 'यामेन' अशी दुरुस्ती केली, कारण आशेनंतर क्रियापदाचे इच्छादर्शक रूप लागते. आपल्याला हे खरे तर सोपे जायला हवे, कारण 'मुलाने डॉक्टर व्हावे' यातल्या 'व्हावे'चे काम तिथे 'सेआ' करते. 'मला डॉक्टर व्हायचे आहे' हेही 'किएरो सेर मेदिको' असे सरळ होते, पण इंग्रजीतून स्पॅनिश शिकलेली आपली मुले मध्ये 'उन' (इंग्रजीतला 'अ', म्हणजे 'एक') घुसडतात. 'चांगला डॉक्टर' म्हणायचे असेल तरच 'उन बुएन मेदिको' होते.

शुद्धमती : 'व्हावे'ची तुलना मान्य आहे. परंतु स्पॅनिश लोकही लॅटिनमधून आलेले शब्दच जपतात ना?

माद्रिदकर : 'नोकरी लागो' म्हणताना ते 'ओखाला' म्हणतात, आणि तो शब्द मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या अरबीतून आला आहे.

निवृत्त मास्तर : म्हणजे आपला 'इन्शाल्ला'च.

माद्रिदकर : बहुतेकांना तसे वाटते, पण मूळ 'लॉ शा ल्लाह' असे देतात. त्यातल्या 'लॉ'मध्ये 'देवाने इच्छिले असते तर' अशी अधिक दूरची छटा आहे. आठ शतके नांदलेली भाषा गेली, तरी इच्छा व्यक्त करायला तिचाच शब्द उरला. मग 'उमेद'वर राग कशासाठी?

शुद्धमती : त्यांच्या इतिहासाने माझे मत बदलण्याचे कारण नाही. 'आकांक्षा' तरी घ्या.

निवृत्त मास्तर : आकांक्षा शासकीय पत्रकात शोभते. खेड्यातल्या शाळेत जाणारी मुलगी असे बोलेल का?

अनुवादिनी : 'उमेद' तूर्त पेन्सिलीने लिहिला आहे. पुढच्याच वाक्यात ती म्हणते की कायम नेमणुकीसाठी 'ओपोसिथियोनेस'चा अभ्यास चालू आहे. शब्दशः 'विरोध' होतो, अर्थ सरकारी पदांच्या स्पर्धा परीक्षेचा आहे. 'स्पर्धा परीक्षा' लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर थेट सदाशिव पेठेतली अभ्यासिका उभी राहील. ते चालेल का?