राउटरच्या सेटिंग्जमधील संज्ञा आणि मोबाइलवर मंदावणारे वाय-फाय

प्रश्न

नमस्कार. आमची इंटरनेट जोडणी १०० एमबीपीएसची आहे. राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर ९४ पर्यंत वेग मिळतो. मोबाइलवर मात्र राउटरच्या अगदी शेजारी बसूनही तो ३५-४० च्या पुढे सरकत नाही, आणि सिग्नलच्या रेघा तर पूर्ण भरलेल्या दिसतात. मोबाइलमध्ये वाय-फायच्या तपशिलात ‘लिंक स्पीड ७२ एमबीपीएस’ आणि ‘२.४ गिगाहर्ट्झ’ असे लिहिलेले आहे. राउटरच्या सेटिंग्ज उघडल्यावर एसएसआयडी, चॅनल, डीएचसीपी, डब्ल्यूपीएस अशी नावे समोर आली. प्रत्येकाचा अर्थ शोधून वाचला, तरी माझ्या अडचणीशी यांतील कशाचा संबंध आहे, हे उमगत नाही. शिवाय राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की संगणकाला प्रिंटर सापडेनासा होतो. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. केबलवर ९४ मिळतात, म्हणजे बाहेरून घरात येणारी जोडणी ठीक आहे. अडते ते राउटर आणि मोबाइल यांच्यामध्ये. सिग्नलच्या रेघा फक्त लहरी किती जोरदार पोहोचतात एवढेच सांगतात, वेगाची हमी देत नाहीत.

लिंक स्पीड म्हणजे राउटर आणि मोबाइल यांनी आपसांत ठरवलेला कमाल वेग. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात (लहरींच्या वारंवारतेच्या टप्प्यात), २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर (त्या पट्ट्याच्या एका उपभागावर), वाय-फाय ४ या पिढीच्या पद्धतीने माहितीचा एकच प्रवाह चालत असेल तर हा आकडा ७२ च येतो. त्यातही एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, आणि पाठवलेल्या माहितीची पोच द्यावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षात साधारण निम्मा वेग हाती लागतो. आपले ३५-४० हे त्याच हिशेबात बसतात.

राउटर आणि मोबाइल दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर चालणारे असतील तर तो पट्टा वापरावा. तेथे ८० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनल मिळू शकते आणि वाय-फाय ५ मध्ये एकाच प्रवाहावर लिंक स्पीड ४३३ पर्यंत जातो. एसएसआयडी म्हणजे मोबाइलच्या यादीत दिसणारे आपल्या वाय-फायचे नाव. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर कोणत्या पट्ट्यावर जायचे हे बहुधा मोबाइल स्वतःच ठरवतो आणि कधीकधी २.४ लाच चिकटून बसतो. म्हणून तपासणीपुरती तरी दोन वेगळी नावे द्यावीत. (काही राउटरांवर त्या नावापुढे ‘५जी’ असे लिहिलेले असते, त्याचा मोबाइल सेवेच्या पाचव्या पिढीशी काहीही संबंध नाही.)

प्रतिसाद २

प्रिंटरची अडचण डीएचसीपीची दिसते. घरातील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता (नेटवर्कमधील त्याच्या ठिकाणाचा क्रमांक) वाटून देण्याचे राउटरचे काम म्हणजे डीएचसीपी. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला १९२.१६८.१.५ ऐवजी १९२.१६८.१.९ मिळाला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. राउटरच्या डीएचसीपी विभागात पत्ता राखून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाच्या नेटवर्क भागाचा ओळखक्रमांक, नोंदवला की त्याला दर वेळी तोच आयपी मिळेल.

प्रतिसाद ३

सेटिंग्ज उघडल्याच आहेत तर डब्ल्यूपीएस बंद करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची ही सोय आहे. परंतु तिचा आठ अंकी पिन दोन भागांत तपासला जातो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. ही त्रुटी २०११ मध्ये उघड झाली. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वाय-फायवरील माहिती कुलूपबंद करण्याच्या पद्धती) निवडावे. केवळ डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय घ्यावा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. नावे वेगळी केली. ५ गिगाहर्ट्झवर राउटरजवळ लिंक स्पीड ४३३ आणि प्रत्यक्ष वेग ९३ मिळाला. प्रिंटरही आता सापडतो. मात्र दोन भिंतींपलीकडच्या खोलीत हा पट्टा जेमतेम मिळतो. राउटरजवळ −५० डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) असलेला सिग्नल तेथे −७८ दिसतो. रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पुढे पाठवणारे उपकरण) घ्यावा का?

प्रतिसाद १

डीबीएममध्ये १० ची घट म्हणजे सिग्नलची शक्ती दहावा हिस्सा. २८ ची घट म्हणजे ती सहाशे पटींहून कमी झाली. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत अधिक अडतात, त्यामुळे राउटर आधी घराच्या मध्याकडे आणि उंचावर ठेवून पाहावा. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर तीच माहिती हवेतून दोनदा पाठवतो, म्हणून वेग पुन्हा निम्म्यावर येतो. त्या खोलीपर्यंत केबल नेता येत असेल तर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेले नेटवर्क वाय-फायने पसरवणारे उपकरण, म्हणून जोडणे अधिक चांगले. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावावी, त्याला मुख्य राउटरहून वेगळा आयपी पत्ता द्यावा आणि त्याचे डीएचसीपी न विसरता बंद करावे. अन्यथा दोन राउटर पत्ते वाटू लागतील आणि प्रिंटर पुन्हा हरवेल.